ताज्या वन्यजीव बातम्या आणि आपले बूट, दोर, दिवे: नेमकं काय बदलायचं?

रानभूल

मंडळी, धागा काढायचं कारण असं, की वन्यजीवांच्या बातम्या येतात, आपण ‘अरेरे’ किंवा ‘वा वा’ म्हणतो आणि पुढच्या भटकंतीला त्याच चिखलाच्या बुटांनी निघतो. इथे प्रत्येक बातमीपुढे एकच प्रश्न ठेवू या: बाहेर पडणाऱ्याने आता वेगळं काय करायचं?

आधी बातम्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीला आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेची परिषद झाली आणि तिच्या लाल यादीची (कुठली जात नामशेष होण्याच्या किती जवळ आहे ते सांगणाऱ्या यादीची) नवी आवृत्ती जाहीर झाली. हिरवं समुद्री कासव ‘संकटग्रस्त’ गटातून थेट ‘कमी चिंता’ गटात गेलं. त्याच यादीत हूडेड सील ‘असुरक्षित’वरून ‘संकटग्रस्त’ झाला, तर बिअर्डेड आणि हार्प सील ‘कमी चिंता’वरून ‘संकटसमीप’ गटात आले. ही जनावरं समुद्रावरच्या बर्फावर विसावतात, त्यावरच पिल्लं वाढवतात, आणि तो बर्फच आक्रसतोय. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा सायबेरियाकडून भूमध्य समुद्राच्या बाजूला येणारा पाणथळीतला पक्षी आता अधिकृतपणे नामशेष; शेवटची खात्रीची नोंद १९९५ची, मोरोक्कोतली. जगातल्या ६१ टक्के पक्षिजातींची संख्या घटतेय. २०१६ साली हा आकडा ४४ टक्के होता.

याशिवाय दोन गोष्टी मथळ्यांत कमी आल्या, पण आपल्या दृष्टीने जास्त कामाच्या आहेत. वटवाघळांच्या पांढऱ्या नाकाच्या रोगावरचं मे २०२५चं संशोधन, आणि दक्षिण ध्रुवाकडे सरकत गेलेला बर्ड फ्लू. जाणकारांनी लिहावं.

तळटीप

यादीपासून सुरुवात करतो, कारण ती चुकीची वाचली जाते.

गट बदलण्याचे निकष आकड्यांत बांधलेले आहेत. घटीचा नेहमीचा निकष असा: १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल त्यात संख्या ३० टक्के घटली तर ‘असुरक्षित’, ५० टक्के घटली तर ‘संकटग्रस्त’, ८० टक्के घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’. कासव प्रजननक्षम व्हायलाच काही दशकं लागतात, त्यामुळे त्याच्या तीन पिढ्या म्हणजे जवळपास शतकभराचा काळ. १९७०च्या दशकापासून हिरव्या कासवांची जागतिक संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढली, त्याचं वजन इथे पडतं. पण ती जगाची सरासरी आहे. एखाद्या किनाऱ्यावरची वसाहत ढासळत असली तरी सरासरी वर जाऊ शकते.

दुसरा निकष थेट डोकी मोजतो. प्रौढ प्राणी ५० पेक्षा कमी तर ‘अतिसंकटग्रस्त’, २५० पेक्षा कमी तर ‘संकटग्रस्त’, १००० पेक्षा कमी तर ‘असुरक्षित’. आयबेरियन लिंक्स हे याचं चोख उदाहरण. २००१ मध्ये प्रौढ लिंक्स ६२, २०२२ मध्ये ६४८. म्हणून जून २०२४ मध्ये ते ‘असुरक्षित’ गटात आलं. वर चढताना एक ब्रेकही आहे: आकडा उंबरठा ओलांडला म्हणून लगेच गट बदलत नाही, आधीच्या गटाचे निकष सलग पाच वर्षं लागू नसावे लागतात.

लाल यादीच्या संकेतस्थळावर जातीचं पान उघडलंत की चार जागा बघा. मूल्यांकनाचं वर्ष (कित्येकदा ते दहा वर्षं जुनं निघतं). संख्येचा कल दाखवणारा बाण. निकषांची सांकेतिक अक्षरं. आणि सर्वांत महत्त्वाचं, बदलाचं कारण. तिथे ‘प्रत्यक्ष बदल’ लिहिलं असेल तर प्राणी खरोखर वाढले किंवा घटले. ‘नवी माहिती’ किंवा ‘वर्गीकरणातला बदल’ असेल तर रानात काहीच घडलेलं नसतं, फक्त आपलं ज्ञान सुधारलेलं असतं. बातमीदार हा फरक जवळपास कधीच सांगत नाहीत.

रानभूल

उत्तम. मग कासव ‘कमी चिंता’त गेलं म्हणून अंडी घालण्याच्या किनाऱ्यावरचे नियम सैल झाले, असं कुणी म्हणालं तर?

वाळूघर

तर त्याला किनाऱ्यावर नेऊ नका. :)

संख्या वाढली ती मुख्यतः शिकार आणि अंड्यांची उचल थांबल्यामुळे, मासेमारीच्या जाळ्यांत सुटकेची झडप बसवल्यामुळे आणि किनारे राखल्यामुळे. उष्णतेचा प्रश्न सुटलेला नाही. कासवाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं; साधारण २९ अंशांच्या आसपास नर-माद्या निम्म्या-निम्म्या, त्यावर माद्या जास्त. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या कोवळ्या हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या, हे २०१८चं संशोधन आहे.

आता किनाऱ्यावरचं वागणं, कारणासकट. मादी पाण्यातून वर येते तेव्हा आणि खड्डा खणते तेव्हा सर्वांत बुजरी असते. पाण्याच्या कडेला हलणारी आकृती दिसली तरी ती अंडी न घालता परत फिरते. म्हणून ती वर येताना दिसली की जागच्या जागी खाली बसायचं आणि गप्प राहायचं. मागच्या वल्ह्यांनी खड्डा पूर्ण करून अंडी पडायला लागली की ती बरीच स्थिर होते. त्यानंतरच, वाटाड्याने सांगितलं तर, मागच्या बाजूने जवळ जायचं. तिच्या डोळ्यांच्या रेषेत कधीच नाही.

दिव्याचं शास्त्र सरळ आहे. कासवांना निळा-पांढरा प्रकाश सर्वांत जास्त खुपतो. ५६० नॅनोमीटरच्या वरचा, म्हणजे अंबर आणि लाल प्रकाश कमी. हेडलॅम्पचा लाल मोड सर्वांत मंद ठेवा, तोही पायाखाली. लोक फ्लॅश बंद करतात आणि कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा विसरतात. बटण अर्धं दाबलं की तो थेट कासवाच्या तोंडावर पडतो. मेन्यूत जाऊन तो आधीच बंद करून ठेवा. फोनची स्क्रीन म्हणजे सुद्धा पांढरा दिवाच.

पिल्लं सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ते समुद्राच्या बाजूला असतं. दिवे लागलेल्या किनाऱ्यावर रस्त्याच्या बाजूला. ती उलट वळली तर उचलून पाण्यात सोडू नका. दिवा आणि पिल्लं यांच्यामध्ये उभं राहून सावली पाडा, बहुतेक वेळा तेवढ्याने ती वळतात. नाही वळली तर गस्तीवाल्यांना बोलवा. निघताना वाळूतले खड्डे बुजवा, किल्ले सपाट करा. तळहाताएवढंही नसलेल्या पिल्लाला बुटाचा खोल ठसा म्हणजे दरी असते.

कडेकपारी

गुहांचं मी घेतो. हे जरा लांबेल, कारण तपशीलच महत्त्वाचा आहे.

पांढऱ्या नाकाचा रोग एका बुरशीमुळे होतो: स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स. अमेरिकेत ती पहिल्यांदा २००६च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नोंदली गेली, आणि तिथून पुढे लाखो वटवाघळं मेली. बुरशीला थंडावा आवडतो. साधारण २० अंशांच्या वर ती वाढत नाही. शीतनिद्रेतल्या वटवाघळाच्या शरीराचं तापमान गुहेइतकं खाली गेलेलं असतं आणि प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. त्याच काळात ती नाकावर आणि पंखांच्या पडद्यावर पसरते. प्राणी वारंवार जागा होतो, साठवलेली चरबी हिवाळा संपायच्या आत जाळून बसतो आणि उपासमारीने मरतो.

मे २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन सांगतं, की ही बुरशी एक नाही, दोन वेगळ्या जाती आहेत, आणि दोघींची आवडती वटवाघळं वेगळी. अमेरिकेत पोचलेली एकच. तिचा माग युक्रेनमधल्या पोडिलिया भागातल्या गुहांपर्यंत लागला. तो भाग लांबलचक गुहांसाठी जगभरच्या गुहा-भटक्यांत प्रसिद्ध आहे, त्यामुळे ती कुणाच्या तरी सामानातून गेली असावी हा जुना संशय अधिक पक्का झाला. आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: ‘तिकडे रोग आधीच आहे, आता धुवून काय उपयोग’ हे म्हणणं टिकत नाही. दुसरी जात अजून पोचायची आहे. आणि बीजाणू वटवाघळांशिवायही गुहेत वर्षानुवर्षं टिकतात.

सामानाची पद्धत:

एक, गुहेच्या तोंडाशीच चिखल खरवडून काढा. कडक ब्रश, पाण्याची बाटली. चिखल राहिला तर पुढचं सगळं वाया, कारण उष्णता आणि रसायन दोन्ही मातीच्या थरातून आत पोचत नाहीत.

दोन, मळके कपडे आणि सामान बंद पिशवीत, स्वच्छ गोष्टींपासून वेगळं. गाडीच्या सीटवर मळका ओव्हरऑल टाकला की सीटही दूषित.

तीन, ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान २० मिनिटं पूर्ण बुडवा. गडबड नेमकी इथे होते. पाणी ५५ला घेतलं, त्यात थंड ओला दोर टाकला, की ते झटक्यात काही अंश उतरतं, आणि लोक घड्याळ आधीच सुरू करतात. बर्फ ठेवायची जाड भिंतीची पेटी घ्या, पाणी ६०च्या थोडं वर घ्या, सामान घाला, ढवळा, थर्मामीटर सामानाच्या मधोमध खुपसा. वरच्या थरातलं माप फसवं असतं. मधलं माप ५५ किंवा वर असताना घड्याळ लावा. दोर आणि पॅड केलेले पट्टे हवेमुळे तरंगतात, त्यांच्यावर वजन ठेवा. २० मिनिटांत माप ५५च्या खाली गेलं तर गरम पाणी घालून घड्याळ शून्यावर.

चार, हेल्मेट, दिवा, कॅमेरा यांसारख्या न बुडणाऱ्या वस्तू ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बटणांच्या खाचा, पट्ट्याचं बक्कल आणि बॅटरीच्या झाकणाची कड विसरू नका.

फ्रीझरमध्ये ठेवून बुरशी मारायचा सल्ला कुठेकुठे दिसतो. थंडीत फोफावणाऱ्या बुरशीला फ्रीझर म्हणजे विश्रांतिगृह.

झुलतापूल

दोर आणि हार्नेसला ब्लीच चालेल का? गरम पाण्यापेक्षा सोपं पडेल.

कडेकपारी

नाही, अजिबात नाही. क्लोरीन ब्लीच नायलॉनचे तंतू कमकुवत करतं आणि बाहेरून काही दिसत नाही. ५५ अंशांचं पाणी मात्र नायलॉनला सोसतं. तरी दोर बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात कमाल तापमान दिलेलं असतं, ते बघून घ्या. वाळवायचा सावलीत, सैल वेटोळी करून. आणि निर्जंतुक न होणारा जुना दोर एकाच गुहेसाठी राखून ठेवणं हा सर्वांत कमी त्रासाचा उपाय आहे.

पाणकावळा

गोड्या पाण्यावर फिरणाऱ्यांसाठी बातमी: सोनेरी शिंपला हा आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारा शिंपला ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो-सॅन होआकिन त्रिभुज प्रदेशात सापडला. उत्तर अमेरिकेतली ही पहिली नोंद. न्यूझीलंडमध्ये २०२३ साली वायकाटो नदीत परका गोड्या पाण्यातला क्लॅम (शिंपल्याचाच एक प्रकार) सापडला, तेव्हापासून तिथेही होड्यांचे नियम कडक झालेत.

झेब्रा शिंपला (असाच दुसरा आक्रमक शिंपला) आणि सोनेरी शिंपला यांची अळी डोळ्यांना दिसत नाही. होडीच्या तळाशी राहिलेलं कपभर पाणी पुरतं. प्रौढ शिंपला ओलसर थंड जागी कित्येक दिवस जगतो, म्हणून ‘काल बाहेर काढली, आज दुसऱ्या तलावात’ हे सर्वांत धोक्याचं.

पाण्यातून बाहेर आल्यावर, काठावरच: तळाचं बूच काढा, कयाक दोन्ही टोकांनी उलटी करा, सीटच्या खाली आणि पाय टेकायच्या पट्ट्यांमागे हात फिरवा. बोटांना वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागलं तर ते बारीक शिंपले असू शकतात. पाणवनस्पतीचा प्रत्येक तुकडा काढा. घरी आल्यावर सुटं सामान ४५ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं. मग पूर्ण वाळवा. वाळणं मोजायचं ते हाताला कोरडं लागल्यापासून पुढे किमान ४८ तास. कयाक बाहेर काढल्यापासून नव्हे. निओप्रीनचे बूट, लाइफ जॅकेटचा फोम आणि दोरीच्या गाठी सर्वांत शेवटी वाळतात. म्हणून गाठी सोडून ठेवा.

मासेमारी करणाऱ्यांचे फेल्टच्या (दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाच्या) तळव्यांचे बूट हा वेगळाच ताप. फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि आतपर्यंत वाळतच नाही. डिडिमो शैवाल २००४ मध्ये न्यूझीलंडच्या नद्यांत सापडल्यावर तिथे फेल्टच्या तळव्यांवर बंदी आली. रबरी तळवे घ्या.

रानभूल

बेडूक आणि सॅलॅमँडरच्या बुरशीसाठी हीच पद्धत चालते का?

पाणकावळा

तत्त्व तेच, आकडे वेगळे. कायट्रिड बुरशीमुळे ५००हून जास्त उभयचर जाती घटल्या आणि ९० नामशेष झाल्या असाव्यात, असा २०१९चा अंदाज. तिला उष्णता आणि कोरडेपणा सोसत नाही: ६० अंशांवर ५ मिनिटं किंवा ३७ अंशांवर ४ तास पुरतात. रसायन वापरायचं तर व्हरकॉन एस ही जंतुनाशक पूड १ टक्का, म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, ५ मिनिटं ओलं ठेवायचं. द्रावण गुलाबी असतं. रंग उडाला की ताकद गेली, नवीन करा. चिखल आधी धुवायचा, नाहीतर सेंद्रिय कचऱ्यातच रसायन खर्ची पडतं. धातूचे भाग नंतर साध्या पाण्याने धुवा. उरलेलं द्रावण ओढ्यात ओतलंत तर ज्या बेडकांसाठी हे सगळं केलं तेच मारलेत. आणि व्हरकॉन व ब्लीच एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

पंखबिंख

बर्ड फ्लू. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्डेस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची १७,०००हून जास्त पिल्लं मेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विषाणू दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर पोचला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हर्ड बेटावर. त्याच महिन्यात आलेल्या अभ्यासात साउथ जॉर्जियातल्या प्रजननक्षम एलिफंट सील माद्या २०२२ ते २०२४ दरम्यान ४७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर: हात लावायचा नाही, कुत्रा लगेच साखळीला. मान पिळवटलेली, एकाच जागी गोल फिरणं, थरथर, जवळ गेलं तरी न उडणं ही लक्षणं. जात, संख्या, अचूक ठिकाण, वेळ आणि दुरून झूम करून काढलेला फोटो, एवढं तिथल्या वन्यजीव किंवा पशुवैद्यक यंत्रणेला कळवा. एकाच जागी अनेक मेलेले असतील तर तासाभराचाही उशीर नको. विषाणूला बाहेरून चरबीचं वेष्टन असतं, त्यामुळे साबण आणि अल्कोहोल त्याला पुरे पडतात. पण थंड पाण्यात आणि विष्ठेत तो बराच काळ टिकतो, म्हणून बुटाचे तळवे धुवायलाच हवेत.

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या सहलींत आता किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी खाली ठेवणं बंद आहे आणि प्राण्यांपासून किमान ५ मीटर अंतर. छायाचित्रकारांना हे जड जातं, कारण पेंग्विनच्या उंचीवरून फोटो काढायला आडवं व्हावंच लागतं. फिरती स्क्रीन असलेला कॅमेरा छोट्या काठीवर खाली धरा, काम होतं.

एक लक्षात ठेवण्याजोगी खूण: नॉर्दर्न गॅनेट या समुद्रपक्ष्याचे डोळे फिकट निळे असतात. २०२२च्या साथीनंतर स्कॉटलंडच्या बास रॉकवर काही गॅनेटची बुबुळं काळी झालेली दिसली, आणि तपासणीत त्यांतल्या बहुतेकांना विषाणू होऊन गेल्याचं निघालं. दुर्बिणीतून पाहणाऱ्या हौशी माणसालाही ही खूण टिपता येते.

तळटीप

नोंदींवरून आठवलं. ६१ टक्क्यांसारखे आकडे येतात त्यात हौशी नोंदींचाही वाटा असतो, पण ‘आज अमुक दुर्मीळ पक्षी दिसला’ एवढ्याने विशेष काही कळत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादी द्या: सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी, साळुंकी-कावळ्यासकट. न दिसलेला पक्षी हीसुद्धा माहिती असते, आणि ती फक्त संपूर्ण यादीतूनच मिळते. कर्ल्यूसारखा पक्षी ‘गेला’ हे ठरवताना अशाच वर्षानुवर्षांच्या रिकाम्या नोंदी तपासाव्या लागतात. लांब पल्ल्याची एक यादी देण्यापेक्षा लहान लहान तुकडे करा, अधिवासाशी जुळवणं सोपं जातं.

पंखबिंख

आणि ठिकाण लपवण्याचं भान. आय-नॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं: ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात, कुठेतरी टिंब पडतं. पण त्याच दिवशी, त्याच वाटेवर, दहा मिनिटं आधी टाकलेल्या साध्या फुलपाखराच्या नोंदीचं ठिकाण उघडं असेल तर घरटं शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. आजूबाजूच्या नोंदीही हाताने धूसर करा. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढा, आणि मागे ओळखीचा कडा किंवा मनोरा दिसत असेल तर कापा.

झुलतापूल

खरं सांगायचं तर इतकं सगळं दर वेळी कोण करणार? प्राधान्य सांगा.

कडेकपारी

रास्त प्रश्न. धोका वाढतो तो एका जागेचा चिखल किंवा पाणी दुसऱ्या जागी नेल्याने. त्याच डोंगरात, त्याच खोऱ्यात फिरत असाल तर ब्रश आणि वाळवणं पुरे. खोरं, देश किंवा गुहा बदलणार असाल तर पूर्ण पद्धत, सूट नाही. न्यूझीलंडच्या कौरी वृक्षांना मारणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू टाचणीच्या डोक्याएवढ्या मातीतूनही पसरू शकतो, म्हणून तिथल्या वाटांवर आधी ब्रश आणि मग जंतुनाशक अशी केंद्रं आहेत. क्रम उलटा केला तर उपयोग शून्य.

रानभूल

शेवटची शंका. चामड्याचे ट्रेकिंगचे बूट ५५-६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवले तर तळवा सुटणार नाही?

पाणकावळा

सुटू शकतो. काही गोंद उष्णतेने ढिले पडतात, आणि चामडं भिजून गरम झालं की वाळताना आकसतं. म्हणून चामड्याचे बूट गुहेत किंवा पाण्यात वापरूच नका. तिथे एकसंध रबरी गमबूट, ते गरम पाणीही सोसतात आणि खाचाही कमी. डोंगरातल्या चामड्याच्या बुटांसाठी: इनसोल आणि लेस काढून वेगळे धुवा, जीभ पूर्ण बाहेर ओढा, तिच्या दोन्ही बाजूंच्या घडीत बिया आणि माती साठते ती जुन्या टूथब्रशने काढा, तळव्याच्या खाचा लाकडी काडीने. मग तळवा आणि कडा ७० टक्के अल्कोहोलने ओल्या करा, चामड्याला फार लावू नका, तेल निघून जातं. वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन-तीनदा बदलून. हीटरजवळ ठेवू नका.